भाकरीसाठी गेलेल्यांची भाकरी : अमेरिकेतील पोलिश समाजाचा अन्नव्यवहार आणि त्याची साहित्यरूपे

१. प्रश्नाची मांडणी

देशांतरित समाजाच्या साहित्याचा विचार करताना तौलनिक अभ्यासात भाषा हा पहिला, आणि पुष्कळदा एकमेव, निकष मानला जातो. समाज परक्या देशात गेला, त्याने आपली भाषा काही काळ जपली, तिच्यात वृत्तपत्रे आणि पुस्तके काढली. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत भाषा मागे पडली आणि तिच्याबरोबर ते साहित्यही संपले, असा या विचाराचा साधारण आलेख असतो. अमेरिकेतील पोलिश समाजाला हा आलेख लावू गेल्यास अडचण उभी राहते. २००० सालच्या अमेरिकी जनगणनेत सुमारे ९० लाख लोकांनी आपले मूळ पोलिश असल्याचे नोंदवले. त्याच जनगणनेत घरी पोलिश बोलणाऱ्यांची संख्या मात्र सुमारे ६ लाख ६७ हजार होती. ढोबळमानाने, स्वतःला पोलिश वंशाचे म्हणविणाऱ्या तेरा-चौदा माणसांत एकाच्याच ओठी घरी ती भाषा होती. उरलेल्यांचे पोलिशपण कशाच्या आधारावर उभे होते, हा प्रश्न केवळ समाजशास्त्राचा नाही. या उरलेल्यांतूनच इंग्रजीत लिहिणारे कथाकार, कादंबरीकार आणि कवी पुढे आले आहेत. भाषा हाच निकष धरला, तर त्यांचे लेखन पोलिश साहित्याच्या इतिहासात बसत नाही. आणि अमेरिकी साहित्याच्या इतिहासात ते 'वांशिक' या सैल शीर्षकाखाली एखाद्या ओळीपुरते उरते.

या समाजात भाषेनंतरही टिकून राहिलेली सर्वांत सलग चिन्हव्यवस्था म्हणजे अन्न. पदार्थांची नावे, ते शिजविण्याचे आणि वाटण्याचे दिवस, त्यांच्याशी जोडलेले विधी यांचा त्यात समावेश होतो. अन्न ही एक भाषा आहे, ही मांडणी रोलाँ बार्थ आणि मेरी डग्लस यांच्यापासून अभ्यासकांना परिचित आहे. पाकपुस्तकांच्या आधारे राष्ट्रीय खाद्यपरंपरा कशी घडविली जाते, हे अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ साली भारताच्या संदर्भात दाखवून दिले. पोलिश-अमेरिकी उदाहरणात या मांडणीला आणखी एक मिती मिळते. तेथे पदार्थ टिकले, पण त्यांचे अर्थ तसेच टिकले नाहीत. आणि या अर्थांतराची सर्वांत बारीक नोंद साहित्यातच झालेली आहे.

२. देशांतराचे नाव : 'झा ख्लेबेम'

पोलिश भाषेत आर्थिक कारणासाठी होणाऱ्या देशांतराला 'झा ख्लेबेम' असे म्हणतात. शब्दशः अर्थ 'भाकरीसाठी', 'भाकरीच्या मागे'. 'ख्लेब' म्हणजे मुख्यतः राय या धान्याचा आंबवून भाजलेला पाव. मात्र मराठीत 'भाकरी' या शब्दाला रोजच्या अन्नापासून उपजीविकेपर्यंत जो अर्थविस्तार आहे, तोच 'ख्लेब'ला पोलिशमध्ये आहे. त्यामुळे येथे 'पाव' म्हणण्यापेक्षा 'भाकरी' म्हणणेच अर्थाला अधिक जवळचे ठरते. पोलिश खेड्यात पाव कापण्यापूर्वी त्यावर सुरीने क्रुसाची खूण करीत; हातून खाली पडलेला तुकडा उचलून त्याचे चुंबन घेत. विवाहानंतर वधूवरांचे स्वागत आईवडील पाव आणि मीठ देऊन करीत, आणि हा प्रघात अमेरिकेतील पोलिश विवाहसमारंभांतही चालू राहिला.

'झा ख्लेबेम' हेच शीर्षक हेन्रिक श्येन्कीएविच यांनी १८८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दीर्घकथेला दिले. १८७६ ते १८७८ या काळात त्यांनी स्वतः अमेरिकेचा प्रवास केला होता. कथेतील शेतकरी वाव्झोन आणि त्याची मुलगी मारिशा पोझ्नान प्रदेशातील आपले गाव सोडून न्यूयॉर्कला येतात. भाकरीसाठी निघालेल्या या दोघांच्या वाट्याला तेथे उपासमार येते आणि दोघांचाही अंत परक्या भूमीवर होतो. शीर्षक आणि कथानक यांच्यातील हा विरोध हेतुपुरस्सर आहे. देशांतराला उत्सुक झालेल्या खेडुतांना दिलेला तो इशारा होता.

पोलिश वाङ्मयेतिहासात या देशांतराच्या शेजारी दुसरे एक देशांतर ठेवले जाते. १८३०-३१ चा रशियाविरुद्धचा उठाव फसल्यावर सरदार, सैनिक आणि कवी पश्चिम युरोपात, विशेषतः पॅरिसमध्ये, आश्रयाला गेले. हे 'थोर देशांतर' म्हणून ओळखले जाते. पहिल्याने राष्ट्राला काव्य दिले आणि दुसऱ्याने परदेशी कारखान्यांना मजूर पुरविले, अशी वाटणी मग जवळजवळ आपोआप होते. परंतु थोर देशांतराचे शिखर मानले जाणारे आदाम मित्सकिएविच यांचे 'पान तादेउश' (पॅरिस, १८३४) हे महाकाव्य अन्नाच्या वर्णनांनी भरलेले आहे. त्यातील चौथ्या सर्गात शिकारीनंतर शिजविलेल्या 'बिगोस'चे, म्हणजे आंबवलेली कोबी आणि निरनिराळी मांसे एकत्र शिजवून केलेल्या पदार्थाचे, वर्णन येते. पारतंत्र्यात गेलेला देश कवीने परक्या शहरात बसून वासाचुवीसकट पुन्हा उभा केला. अन्नातून देश आठविणे ही पोलिश परंपरेत केवळ अशिक्षितांची सवय नव्हती. तिला राष्ट्रीय महाकाव्याचीच मान्यता होती.

या दोन देशांतरांना जोडणारा धागा श्येन्कीएविच यांच्याच 'लातार्निक' (१८८१) या कथेत सापडतो. पनामाजवळच्या दीपगृहाचा वृद्ध पोलिश राखणदार न्यूयॉर्कमधील पोलिश मंडळाला देणगी पाठवितो. आभारादाखल त्याला पुस्तकांचे पार्सल येते आणि त्यात 'पान तादेउश' निघते. ते वाचताना तो दिवा लावण्याचे विसरतो आणि नोकरी गमावतो. येथे स्मृती आणि भाकरी परस्परांच्या विरोधात उभ्या राहतात. स्मृती जागी झाली की भाकरी जाते. पुढच्या पोलिश-अमेरिकी समाजाने या दोहोंची जी सांगड घातली, तीत भाकरीलाच स्मृतीचे वाहन केले गेले.

३. धर्मग्राम, पंचक्रोशी आणि तळघरातील स्वयंपाकघर

अमेरिकेतील सर्वांत जुनी टिकून राहिलेली पोलिश वसाहत म्हणजे टेक्सासमधील पान्ना मारिया. धर्मगुरू लिओपोल्ड मोचिगेम्बा यांच्या पुढाकाराने सायलेशियातून आलेल्या शेतकऱ्यांनी ती वसविली आणि १८५४ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला तेथे पहिली मिस्सा झाली. मोठे स्थलांतर मात्र १८७० ते १९१४ या काळातले. १७९५ ते १९१८ पर्यंत पोलंड हे राज्य नकाशावर नव्हते. ते प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात वाटले गेले होते. त्यामुळे आलेल्यांची नोंद जर्मन, रशियन किंवा ऑस्ट्रियन अशी होई. पुष्कळ शेतकरीही स्वतःची ओळख गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावाने सांगत. तिन्ही विभागांतील माणसे एका वस्तीत, एका चर्चमध्ये आली ती शिकागो, बफेलो, डेट्रॉइट, मिलवॉकी यांसारख्या शहरांत. आपण 'पोलिश' आहोत ही जाणीव अनेकांना अमेरिकेतच झाली.

या जाणिवेचे घर म्हणजे धर्मग्राम. शिकागोत १८६७ साली स्थापन झालेला संत स्तानिस्लाव कोस्त्का धर्मग्राम धर्मगुरू विन्सेंती बार्झिन्स्की यांच्या काळात (१८७४-१८९९) इतका वाढला की, त्याची गणना जगातील सर्वांत मोठ्या धर्मग्रामांत होऊ लागली. १८७३ साली पोलिश रोमन कॅथलिक युनियन आणि १८८० साली पोलिश नॅशनल अलायन्स या परस्पर-साहाय्य संस्था निघाल्या. मृत्यू किंवा अपघात झाल्यास कुटुंबाला पैसे देणे हे त्यांचे मूळ काम. वृत्तपत्रे, शाळा आणि राजकारण हे त्यावर चढलेले थर. १८७४ पासून फेलिशियन भगिनींनी धर्मग्रामांच्या शाळा चालविल्या. चर्चच्या मालमत्तेवर आणि कारभारावर कोणाचा अधिकार, या वादातून १८९७ साली स्क्रँटन येथे धर्मगुरू फ्रान्सिशेक होदूर यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र पोलिश राष्ट्रीय कॅथलिक चर्च उभे राहिले. अमेरिकी कॅथलिक धर्मसत्तेत आयरिश वंशीयांचे वर्चस्व होते, हे लक्षात घेतले म्हणजे या वादाची तीव्रता समजते.

विल्यम थॉमस आणि फ्लोरियान झ्नान्येत्स्की यांनी 'युरोप आणि अमेरिकेतील पोलिश शेतकरी' या पाच खंडांच्या ग्रंथात (१९१८-१९२०) स्थलांतरितांच्या शेकडो पत्रांच्या आधारे या समाजाचे चित्र मांडले. त्यांनी वापरलेला 'ओकोलित्सा' हा पोलिश शब्द मराठी वाचकाला सहज उमगेल. माणसाची कीर्ती किंवा अपकीर्ती जेथवर पोहोचते तेवढा परिसर असा त्याचा आशय आहे. 'पंचक्रोशी' हा त्याला अगदी जवळचा शब्द. अमेरिकेत आल्यावर पंचक्रोशी तुटली आणि धर्मग्रामाने तिची जागा घेतली, असे त्या ग्रंथाच्या आधारे म्हणता येते.

या नव्या पंचक्रोशीतील स्त्रियांचे काम संस्थांच्या इतिहासात फारसे नोंदले गेले नाही. एकट्या आलेल्या मजुरांना अनेक कुटुंबे घरात ठेवून घेत. घरची बाई त्यांचे जेवण करी, कपडे धुई. काही घरांत प्रत्येकाचे मांस वेगळे आणून, खूण बांधून एकाच भांड्यात शिजविले जाई आणि हिशेब वहीत लिहिला जाई. पुढे चर्चच्या तळघरातील स्वयंपाकघरात हेच श्रम सामूहिक झाले. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य. त्या दिवसांसाठी धर्मग्रामाच्या स्त्रिया शेकडोंच्या संख्येने 'पिएरोगी' करीत. करंजीच्या आकाराचा, पण उकडलेला हा पदार्थ बटाटा-पनीर किंवा आंबवलेली कोबी आणि अळिंबी भरून केला जातो. त्याच्या विक्रीतून चर्चच्या खर्चाला हातभार लागे. विटांची भव्य चर्चे मजुरांच्या वर्गणीतून उभी राहिली हे सर्वश्रुत आहे; त्या वर्गणीतला एक भाग पिठाच्या हातांनी मिळविलेला होता.

याच तळघरांत 'पोलिश अन्न' नावाची गोष्ट घडली. गॅलिशियाकडचे बटाटा-पनिराचे पिएरोगी आणि पोझ्नान-पोमेरेनियाकडचे बदकाच्या रक्ताचे सूप मायदेशी एका पंगतीत क्वचितच आले असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉर्सात लुत्सिना च्वेर्चाकिएविचोवा यांची पाकपुस्तके लोकप्रिय होती. पण ती मध्यमवर्गीय गृहिणींसाठी होती. अमेरिकेस गेलेली शेतकरी स्त्री त्या पुस्तकांच्या जगातली नव्हती. तिचे पदार्थ प्रथम पुस्तकात आले ते अमेरिकेत आणि इंग्रजीत. मिनिआपोलिसच्या पोलानी क्लबने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहाच्या शीर्षकात 'अमेरिकनांसाठी' हे शब्द आहेत. हे अमेरिकन म्हणजे बहुतांशी त्याच स्त्रियांच्या लेकी-सुना होत्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

४. अर्थांतराच्या तीन तऱ्हा

पदार्थ प्रवासात कसे बदलले, याच्या तीन तऱ्हा वेगळ्या करता येतात.

पहिली तऱ्हा प्रमाणाची. पोलिश खेड्यात रोजचे जेवण राय, बटाटे, कोबी आणि भरड धान्याच्या पेजेचे होते. मांस सणावारी मिळे. शिकागोच्या कत्तलखान्यांत आणि मांस-कारखान्यांत हजारो पोलिश मजूर कामाला होते. त्यांच्या ताटात मांस नित्याचे झाले आणि सणाचा पदार्थ रोजचा झाला. पोलिशमध्ये 'क्येउबासा' हा सॉसेजसाठी असलेला सामान्य शब्द आहे आणि त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. अमेरिकेत त्याचा उच्चार 'किलबासा' झाला आणि अर्थ एका विशिष्ट प्रकारापुरता आकसला. शिकागोत तर 'एक पोलिश' असे मागितले की कांदा-मोहरी घातलेले सॉसेज पावात घालून मिळते. ज्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या नावाने ते प्रसिद्ध आहे, तेथे त्याचा आरंभ मॅसिडोनियातून आलेल्या एका स्थलांतरिताच्या दुकानाशी जोडला जातो. एका समाजाचे नाव एका खाद्यपदार्थाचे नाव होऊन बसले.

दुसरी तऱ्हा कालगणनेची. उपवासकाळापूर्वी घरातील साखर-चरबी संपविण्यासाठी तळलेले, आत मुरंबा भरलेले 'पाँच्की' पोलंडमध्ये राखेच्या बुधवारापूर्वीच्या गुरुवारी खातात. डेट्रॉइट आणि लगतच्या हॅमट्रॅमकमध्ये हा दिवस मंगळवारी आला, कारण अमेरिकेत उपवासपूर्व उत्सवाचा सर्वपरिचित दिवस मंगळवारच होता. शिकागोत दोन्ही दिवस पाळले जातात. जुन्या वसाहतीचा मंगळवार आणि अलीकडे पोलंडमधून आलेल्यांचा गुरुवार. बेकरीसमोरची रांग पाहून देशांतराची कोणती लाट कोणती, हे ओळखता येते.

तिसरी तऱ्हा शब्दांची. 'पिएरोगी' आणि 'पाँच्की' ही पोलिशमध्ये अनेकवचने आहेत. अमेरिकेत ती एकवचने समजून त्यांना पुन्हा इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय लावला जातो. कोबीच्या पानात भात आणि मांस गुंडाळून केलेल्या 'गोवोंब्की'चा अर्थ 'छोटी कबुतरे'. भाषा गेल्यावर ती उपमा विझली, पदार्थ राहिला. आजीला मिशिगन-शिकागोकडे 'बुशा' म्हणतात. पोलंडच्या प्रमाण भाषेत 'बाब्चा' हाच शब्द आहे. मायदेशातून नव्याने आलेल्याला 'बुशा' परका वाटतो. म्हणजे जो शब्द तिसऱ्या पिढीच्या अमेरिकनाला सर्वाधिक पोलिश वाटतो, तो पोलंडमध्ये ओळखीचा नाही.

या तिन्ही तऱ्हांपासून काहीसा अलिप्त राहिलेला विधी म्हणजे नाताळच्या पूर्वसंध्येचे 'विगिलिया' भोजन. पहिली चांदणी दिसेपर्यंत उपवास, मेजावरील कापडाखाली गवत, मांसविरहित पदार्थ, आणि जेवणापूर्वी 'ओप्वातेक' ही पातळ पापडी एकमेकांच्या हातून मोडून घेत केलेले शुभचिंतन ही त्याची अंगे. ही पापडी पत्राच्या पाकिटात मावते. पोलंडमधील घरातून अमेरिकेतील घरी ती टपालाने येई. मोडलेला तुकडा इकडे आणि उरलेला तिकडे, असा एकाच भोजनाचा दोन खंडांत पसरलेला विधी त्यातून साधे. मेजावर अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवतात. देशांतरित घरात ती जागा मागे राहिलेल्यांची झाली. येथे विधीचे रूप तेच राहिले आणि अर्थ सखोल झाला.

५. साहित्यातील साक्ष

अमेरिकी साहित्यात पोलिश माणूस बराच काळ इतरांच्या नजरेतून आला. टेनेसी विल्यम्स यांच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९४७) या नाटकात स्टॅन्ली कोवाल्स्कीचा पहिला प्रवेश होतो तो खाटकाकडून आणलेले, रक्ताचे डाग पडलेले मांसाचे पुडके पत्नीकडे फेकत. पुढे वाढदिवसाच्या जेवणाच्या प्रसंगी त्याच्या खाण्याच्या पद्धतीवरून तो हिणवला जातो आणि ताट भिरकावून देतो. पोलिश वंशाचा आणि कच्च्या मांसाचा हा संबंध प्रेक्षकाला स्वाभाविक वाटावा, अशी योजना आहे. कत्तलखान्यात राबलेल्या समाजाच्या श्रमाची खूण येथे पशुत्वाची खूण झाली. नेल्सन आल्ग्रेन यांच्या 'नेव्हर कम मॉर्निंग' (१९४२) या शिकागोतील पोलिश वस्तीवरील कादंबरीला तेथील पोलिश संस्थांनी कडाडून विरोध केला, तोही याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. आपली दखल घेतली जाते ती गुन्हेगारी आणि दारिद्र्य यांपुरतीच, ही त्यांची व्यथा होती. विरोधाचा मार्ग योग्य होता की नाही, हा प्रश्न वेगळा.

आतून लिहिलेल्या इंग्रजी साहित्यात अन्नाचे स्थान पालटते. स्टुअर्ट डायबेक यांच्या 'चाइल्डहुड अँड अदर नेबरहुड्स' (१९८०) या संग्रहातील 'ब्लड सूप' ही कथा या दृष्टीने मध्यवर्ती आहे. आजारी आजीला 'चार्निना', म्हणजे बदकाच्या रक्ताचे सूप, हवे असते. दोघे नातू ताज्या रक्ताच्या शोधात शिकागोभर हिंडतात. हे सूप 'पान तादेउश'मध्ये एका अत्यंत कठोर प्रसंगी येते. यात्सेक सोप्लित्सा या मानी पण सामान्य सरदाराला उमरावाच्या मुलीचा हात नाकारला जातो, तो त्याच्यापुढे हे काळे सूप ठेवून. सरदारी घराण्यांत हा मूक नकाराचा सर्वमान्य संकेत होता. शेतकऱ्याच्या घरी मात्र चार्निना म्हणजे बदक मारल्यावर त्याचा थेंबही वाया न घालविणारे, अंगात बळ आणणारे अन्न. महाकाव्यात नाते तोडणारा पदार्थ शिकागोच्या कथेत नाते जोडण्यासाठी शोधला जातो. डायबेक यांची कथा वाचताना मित्सकिएविच आठवलाच पाहिजे असे नाही. पण दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या म्हणजे एकाच पदार्थाच्या अर्थात वर्गभेद किती खोलवर आहे, आणि अमेरिकेस कोणता अर्थ गेला, हे स्पष्ट होते. सरदारी संकेत पॅरिसच्या पुस्तकात राहिला. शेतकऱ्याचे सूप जहाजातून गेले.

लेस्ली पिएट्रिक यांच्या 'पेअर्स ऑन अ विलो ट्री' (१९९८) या कादंबरीत डेट्रॉइटमधील एका पोलिश घराण्यातील स्त्रियांच्या चार पिढ्या येतात. शीर्षक म्हणजे एका पोलिश वाक्प्रचाराचे शब्दशः इंग्रजी. 'वाळुंजाच्या झाडावरचे नासपती' म्हणजे कधीही प्रत्यक्षात न येणारे आश्वासन. इंग्रजी वाचकाला शीर्षकात एक चमत्कारिक चित्र दिसते. पोलिश जाणणाऱ्याला त्यात अमेरिकेने दिलेल्या वचनावरील टीका ऐकू येते. भाषा येथे लोपलेली नाही. ती इंग्रजीच्या खाली दडून राहिली आहे आणि फळाच्या रूपाने वर आली आहे. सुझॅन स्ट्रेम्पेक शे यांच्या पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील आणि अँथनी बुकोस्की यांच्या विस्कॉन्सिनमधील सुपीरिअर या गावच्या कथनांतही पोलिश धर्मग्रामाचे जग अशाच तऱ्हेने इंग्रजीच्या आत जिवंत राहिले आहे. थॉमस ग्लॅड्स्की यांनी १९९२ साली अमेरिकी साहित्यातील पोलिश प्रतिमांचा आणि कॅरेन मायेव्स्की यांनी २००३ साली १८८० ते १९३९ मधील पोलिश भाषेतील अमेरिकी कथनसाहित्याचा अभ्यास प्रसिद्ध केल्यावर या दोन प्रवाहांचा एकत्र विचार करण्यास आवश्यक ती सामग्री हाती आली.

६. नव्या लाटा, दुसरी भूक

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्यांची भूक वेगळी होती. १९४८ च्या विस्थापितांविषयीच्या कायद्यान्वये अमेरिकेत आलेल्यांत नाझी श्रमछावण्यांतून वाचलेले होते. जॉन गुझ्लोव्स्की हे अशाच आईवडिलांचे पुत्र. विस्थापितांच्या छावणीत १९४८ साली जन्मलेले आणि १९५१ साली अमेरिकेत आलेले. 'लाइटनिंग अँड ॲशेस' (२००७) आणि 'एकोज ऑफ टॅटर्ड टंग्ज' (२०१६) या संग्रहांतील त्यांच्या कवितेत भूक हा स्थायी विषय आहे. तेथे भाकरी हे सणाचे किंवा घराचे चिन्ह राहत नाही. जगणे आणि मरणे यांतील अंतर ती मोजते.

या लाटेतील एक छोटा प्रवाह भारतातून गेला. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या पोलिश निर्वासितांना १९४२ नंतर भारतात आश्रय मिळाला. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, राहिली. १९४३ मध्ये मुंबईहून 'हर्मिटेज' या अमेरिकी जहाजाने निर्वासितांचा एक गट कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पोहोचला. त्याला अमेरिकेत राहू न देता मेक्सिकोतील सांता रोसा येथे पाठविण्यात आले. ती वसाहत बंद झाल्यावर त्यांतील पुष्कळ जण शिकागो आणि अन्य शहरांत स्थिरावले. जुन्या धर्मग्रामांत आलेल्या या माणसांच्या स्मृतीत पोलिश खेड्याबरोबर सायबेरियाही होता.

१९८० च्या दशकात, विशेषतः १३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेल्यानंतर, आणखी एक सुशिक्षित, शहरी वर्ग आला. त्याला जुन्या वसाहतीतील पोल्का-नृत्ये, मंगळवारचे पाँच्की आणि 'बुशा' ही संबोधने कालबाह्य, खेडवळ वाटली. पोल्का तर मूळचे चेक नृत्य. उलट, चार पिढ्या चर्च चालविणाऱ्यांना नवागतांचे पोलिशपण कोरडे भासले. बर्कली येथे १९६० पासून अध्यापन करणारे आणि १९८० साली नोबेल मिळविणारे चेस्वाव मिवोश यांचे पोलिश भाषेतील निर्वासित-साहित्य आणि डायबेक यांची इंग्रजी कथा हे एकाच देशात, एकाच काळात, एकमेकांना जवळजवळ न भेटता घडले. थोर देशांतर आणि भाकरीसाठीचे देशांतर यांच्यातील जुनी दरी अमेरिकेच्या भूमीवर अशा रीतीने पुन्हा उघडी पडली.

७. समारोप

अन्नाला समाजस्मृतीचे वाहन मानताना एक सावधगिरी आवश्यक आहे. अन्न भाषेपेक्षा सहज विकले जाते आणि ते खाण्यासाठी काही शिकावे लागत नाही. हर्बर्ट गॅन्स यांनी १९७९ साली मांडलेली 'प्रतीकात्मक वांशिकता' ही संकल्पना याच सुलभतेकडे बोट दाखविते. वर्षातून एक दिवस पाँच्की खाऊन पोलिश होता येते. भौतिक आधार ढासळल्यावर ही प्रतीके अधिकच एकटी पडतात. हॅमट्रॅमकमधील डॉज मोटार-कारखाना १९८० साली बंद झाला. १९८१ साली शेजारची पोलटाउन वस्ती नव्या मोटार-कारखान्यासाठी पाडली गेली. चार हजारांहून अधिक रहिवाशांना घरे सोडावी लागली आणि तेथील चर्चही जमीनदोस्त झाले. पुढे हॅमट्रॅमकमध्ये येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबे मोठ्या संख्येने वसली, आणि २०१५ साली तेथील नगर परिषदेत मुस्लिम सदस्यांचे बहुमत झाले. पोलिश बेकऱ्यांसमोरील मंगळवारच्या रांगा मात्र चालू राहिल्या. त्या रांगेत उभे राहण्यासाठी उपनगरांत गेलेले पोलिश वंशीय परत येतात, आणि त्यांच्याबरोबर पोलंडशी कसलाही संबंध नसलेलेही उभे असतात. भाकरीसाठी आलेल्यांच्या जागी भाकरीसाठीच आलेले दुसरे लोक राहू लागले आहेत, ही गोष्ट या शहराच्या इतिहासाशी विसंगत नाही.

त्यामुळे अन्न हा भाषेचा पर्याय मानणे हेही घाईचे ठरेल. पदार्थ अर्थ वाहून नेतो, पण तो अर्थ काय होता आणि काय झाला, हे सांगण्यास त्याला कथन लागते. चार्निनाचे दोन अर्थ आपल्याला कळतात, कारण एक मित्सकिएविच यांनी आणि दुसरा डायबेक यांनी लिहून ठेवला. पोलिश न येणाऱ्या नातवाने इंग्रजीत लिहिलेली कथा पोलिश महाकाव्यातील एका पंगतीवर नवा प्रकाश टाकते. तिला पोलिश वाङ्मयेतिहासाच्या बाहेर ठेवले, तर नुकसान त्या इतिहासाचे होते. देशांतरित साहित्याच्या तौलनिक अभ्यासात भाषेच्या निकषाबरोबर अन्नव्यवहारासारख्या दुसऱ्या चिन्हव्यवस्थांचे वाचन आवश्यक ठरते ते यासाठी. विगिलियाच्या मेजावरील रिकाम्या जागेचा संकेत असा आहे की, येणारा कोण हे आधी ठरविलेले नसते.